सेंट्रल झोनचे आम्ही



मागे इथे वडोद्याच्या एका ताईंनी विजय हजारे आणि गुल महंमद यांच्या ५७७ धावांच्या भागीदारीबद्दल लिहिलं होतं. वाचून आनंद झाला, आणि पोटात थोडं दुखलंही. कारण ती भागीदारी झाली आमच्याविरुद्ध! १९४६-४७ ची रणजी फायनल, बडोद्याला. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याच्या ७८४ धावा, आणि आमचा होळकर संघ दोन्ही डाव मिळून ३७५. एक डाव आणि ४०९ धावांनी हार. पुढे जवळजवळ साठ वर्षं ती भागीदारी प्रथम श्रेणी क्रिकेटमधे जगात सर्वांत मोठी राहिली. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धने यांनी ६२४ करून ती मागे टाकली.

तेव्हा म्हटलं, इंदूरच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला पाहिजे. जिंकल्याच्या गोष्टी सगळेच सांगतात. मी हरण्याची सांगतो, कारण माझ्या पिढीच्या वाट्याला तीच आली. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

माझा जन्म १९५१ चा. म्हणजे होळकर संघ शेवटचा सामना खेळला तेव्हा मी चार वर्षांचा. मी त्यांना खेळताना पाहिलं नाही, पण ऐकलं इतकं की पाहिल्यासारखंच. आमचे बाबा होळकर कॉलेजात शिकत होते त्या दिवसांत. सायकल काढायची आणि यशवंत क्लबचं मैदान गाठायचं, एवढाच कार्यक्रम. १९४५-४६ ला म्हैसूरविरुद्ध सेमीफायनलमधे होळकर संघाने ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. एकाच डावात सहा जणांची शतकं. जेवताना बाबा सुरू झाले की आरती म्हणावी तशी ती सहा नावं म्हणत: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. १०१, निंबाळकर १७२, आर. पी. सिंग १००. आई म्हणायची, "पोळी गार होते आहे." बाबा आरती संपवूनच पोळीला हात लावत.

आता तरुण मंडळींसाठी थोडा हिशोब. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजीच्या फायनलमधे होता. फक्त १९४८-४९ ला नव्हता. चार वेळा जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. पहिल्यांदा हरवलं बडोद्याला, दुसऱ्यांदा मुंबईला (तेही नऊ विकेटनी, इथे इंदुरात), मग गुजरातला, आणि शेवटी कलकत्त्यात जाऊन बंगालला. सहा वेळा हरला, पण कसा हरला तेही बघा. १९४४-४५ ची फायनल मुंबईशी. दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा. मुंबईकडून विजय मर्चंट २७८. आमच्याकडून मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतकं, आणि शेवटच्या डावात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९! लढाईच्या काळात तो महूच्या छावणीत होता, म्हणून होळकरांकडून खेळला. तरी ३७४ धावांनी हरलो. पण अशा हरण्याची लाज वाटत नाही.

हा संघ उभा कसा राहिला? एका शब्दात सांगायचं तर राजाश्रयाने. सी. के. नायडू मूळ नागपूरचे. होळकर दरबाराने त्यांना १९२३ साली इंदूरला आणलं, फौजेत हुद्दा दिला. तेच पुढे १९३२ ला लॉर्ड्सवर भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. पुढे महाराजा यशवंतराव होळकरांनी संघाला हात दिला. मुश्ताक अली तर इंदूरचेच. चंदू सरवटे सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, खंडू रांगणेकर मुंबईचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरकडचे. खेळाडूच्या पोटापाण्याची सोय दरबाराने करायची, खेळाडूने फक्त खेळायचं. आणि वर कर्नल नायडूंची शिस्त. एका रणजी फायनलमधे मुंबईच्या दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दोन दात पडले, तरी वयाची पन्नाशी उलटलेला हा माणूस मैदान सोडून गेला नाही, असं सांगतात. बाबा ही गोष्ट सांगत ती आम्ही दातदुखीचं रडगाणं लावलं की!

१९४८ ला इंदूर आणि ग्वाल्हेर मिळून मध्य भारत झाला. संस्थान गेलं, तरी होळकर नावाचा संघ १९५४-५५ पर्यंत तगला. शेवटची फायनल इंदूरलाच झाली आणि मद्रासने ४६ धावांनी हरवलं. तिथे दुकान बंद झालं. संघाचं नाव आधी मध्य भारत झालं. नोव्हेंबर १९५६ ला नवं राज्य आल्यावर मध्य प्रदेश झालं.

इथून पुढे माझी गोष्ट सुरू होते. म्हणजे सेंट्रल झोनची.

आज ज्यांना फक्त आयपीएल माहीत आहे त्यांना झोन म्हणजे काय ते सांगायला हवं. १९५७-५८ पासून रणजीचे संघ पाच विभागांत वाटून साखळी सामने सुरू झाले: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य. प्रत्येकाने आपल्या विभागातल्या शेजाऱ्यांशीच खेळायचं. आमच्या पंगतीत राजस्थान, उत्तर प्रदेश, विदर्भ, आणि पुढे रेल्वे येऊन बसली. नागपूर राज्याच्या नकाशात महाराष्ट्रात गेलं, पण क्रिकेटमधे आमच्याच पंगतीत राहिलं. सुरुवातीची बरीच वर्षं विभागातला फक्त पहिला संघ पुढे जायचा. सत्तरीपासून दोन जायला लागले, आणि १९९२-९३ पासून तीन. म्हणजे मध्य प्रदेशचा हंगाम कसा, तर हिवाळ्यात चार सामने, त्यातले दोन-तीन अनिर्णित, पहिल्या डावाच्या आघाडीवरून गुणांची रडारड, आणि संक्रांतीचे तिळगुळ वाटून होईपर्यंत खेळ खलास. मग उरलेला हंगाम दुसऱ्यांच्या बातम्या वाचायच्या.

शाळेत असताना आम्ही 'नईदुनिया' उघडला की आधी शेवटून दुसरं पान. स्कोअर बघायचा आणि पेपर बाबांकडे सरकवायचा. बाबा चष्मा लावून बघत आणि म्हणत, "बस्स, हो गया काम!" चिडून नाही. एखादं जुनं देणं वसूल होणार नाही हे कळल्यावर माणूस बोलतो तसं.

आणि हे फक्त मध्य प्रदेशचं नव्हतं, आख्ख्या विभागाचं होतं. साठच्या दशकात आमच्या झोनवर राज्य राजस्थानचं. तिथे उदयपूरच्या महाराणांचा आश्रय होता. सलीम दुराणी, हनुमंत सिंग होतेच, शिवाय विनू मंकड आणि विजय मांजरेकरही त्यांच्याकडून खेळले. एवढा तगडा संघ १९६०-६१ ते १९७३-७४ दरम्यान आठ वेळा फायनलला गेला आणि आठही वेळा हरला. सात वेळा मुंबईकडून, एकदा कर्नाटककडून. आम्ही इंदूरवाले राजस्थानवर खार खायचो, कारण ते आम्हाला झोनमधून बाहेर काढायचे. पण एकदा का ते फायनलला गेले की त्यांच्यासाठीच देव पाण्यात ठेवायचो. शेजारी आहे ना शेवटी! घरात भांडू, पण पोरगा बाहेर मार खाऊन आला तर वाईट वाटतंच.

बँकेत आयुष्य गेलं, आकडे जुळवल्याशिवाय झोप येत नाही. निवृत्तीनंतर एकदा कागद घेऊन बसलो आणि सेंट्रल झोनचा ताळेबंद काढला. १९५२-५३ ला होळकर जिंकल्यानंतर आमच्या विभागातला संघ पुन्हा रणजी जिंकला तो थेट २००१-०२ ला. मधल्या काळात आमचे संघ फायनलला पोचले नाहीत असं नाही. होळकर दोनदा, राजस्थान आठदा, उत्तर प्रदेश दोनदा, रेल्वे दोनदा, मध्य प्रदेश एकदा. बेरीज पंधरा. जिंकलेल्या किती? शून्य. पंधरा फायनल सलग हरलेला विभाग! बँकेच्या भाषेत सांगतो, असं खातं आमच्या शाखेत असतं तर ऑडिटरने मला खुर्चीवर बसू दिलं नसतं.

दुलीप करंडकाचंही तेच. १९६१-६२ ला विभागांची आपापसांतली ही स्पर्धा सुरू झाली. पहिल्या पस्तीस हंगामांत सेंट्रल झोन जिंकला एकदा. १९७१-७२. बस्स. आमच्या खाली फक्त पूर्व विभाग होता, ज्यांना पहिला करंडक २०११-१२ ला मिळाला. आपल्यापेक्षा कुणीतरी मागे आहे एवढंच समाधान. पण वर्गात शेवटून दुसरा आलेला मुलगा घरी जाऊन काय सांगणार?

आणि मला सांगावं लागायचं, कारण माझी आत्या दादरला. आतेभाऊ माझ्याच वयाचा. दर मे महिन्यात ते आमच्याकडे नाहीतर आम्ही त्यांच्याकडे. १९५८-५९ ते १९७२-७३ मुंबईने सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली. म्हणजे माझं सगळं बालपण आणि कॉलेज त्यातच गेलं. तो यायचा तो करंडक खिशात घालूनच. "काय रे, तुमचा सेंट्रल झोन काय म्हणतो?" आंब्याची फोड तोंडात, आणि वर हा प्रश्न. मी म्हणायचो, "आमच्याकडे सी. के. होते." तो म्हणायचा, "होते ना? आता कोण आहे ते सांग."

गंमत म्हणजे त्याला खरंच वाटायचं की मी आतून मुंबईचाच आहे. "आपली मुंबई" म्हणायचा तो. आपली! मराठी माणूस, आडनाव मराठी, घरात मराठी, मग मुंबई आपली नाही तर कोणाची? वाडेकर, सोलकर, पुढे गावस्कर, वेंगसरकर, पाटील ही सगळी नावं ऐकायला घरच्यासारखी. मलाही त्यांचं कौतुक होतंच. भारताकडून खेळताना गावस्करांसाठी जीव टाकला. पण रणजीत मुंबई आपली म्हणायला जीभ रेटायची नाही. का, ते मला तेव्हा सांगता यायचं नाही. आपल्या या समूहावरच्या बहुतेकांना हा प्रश्न आयुष्यात कधी ना कधी कुणीतरी विचारला असेल, क्रिकेटवरून नाही तर दुसऱ्या कशावरून: तुम्ही नक्की कुठले?

आम्ही हरत का होतो, याचं उत्तर मला मुंबईतच मिळालं. सत्तरीत बँकेच्या ट्रेनिंगसाठी महिनाभर मुंबईत होतो. रविवारी आतेभावाने आझाद मैदानावर नेलं. एकाला एक चिकटून कितीतरी सामने चाललेले. एका सामन्याचा फील्डर दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमधे उभा! बाजूला ओव्हल, क्रॉस मैदान. पावसाळ्यात चिखलातही कांगा लीग, हिवाळ्यात टाइम्स शील्ड. टाइम्स शील्डमधे बँका, टाटा, एसीसी, मफतलाल असे कंपन्यांचे संघ, आणि कसोटी खेळाडू तिथे ऑफिसकडून खेळतात. कॉलेजातल्या पोराने चार चांगले डाव खेळले की त्याला नोकरी. सकाळी सही करायची आणि मैदानावर जायचं. माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला. अरे, होळकर दरबाराने जे केलं तेच हे करतायत! फरक एवढाच की आमच्याकडे आश्रयदाता एकच होता आणि तो गेला. यांच्याकडे पन्नास आहेत, त्यातला एखादा गेला तरी अडत नाही.

दुसरं कारण झोनचं. चांगलं खेळायला चांगल्याशी खेळावं लागतं. मुंबईला पश्चिम विभागात बडोदा, महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र असे जुने, मुरलेले संघ. दर वर्षी झटापट. आम्ही चार दुबळे शेजारी एकमेकांशी खेळून गुण वाटून घेत होतो. मुंबईशी किंवा कर्नाटकशी गाठ पडली तर ती थेट बाद फेरीत, तीही पोचलो तर. म्हणजे वर्षभर गल्लीत तालीम आणि एकदम दंगलीत उतरायचं. बाबांना हे समजावलं तर ते म्हणाले, "सगळं खरं आहे. पण सी. के. असते तर त्यांनी हे कारण ऐकून घेतलं असतं का?" यावर मी काय बोलणार!

खेळाडू नव्हते असं मुळीच नाही. जानेवारी १९८८ ला मद्रासला नरेंद्र हिरवाणीने पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजचे १६ गडी १३६ धावांत काढले. इंदूरच्या मातीत तयार झालेला लेगस्पिनर! त्या दिवशी राजवाड्यावर फटाके फुटले. रेडिओवर हिंदी कॉमेंट्री म्हटली की आमच्या इंदूरच्याच सुशील दोशींचा आवाज. म्हणजे बोलणारा आमचा, टाकणारा आमचा, फक्त करंडक दुसऱ्याचा. राहुल द्रविडचा जन्मही इंदूरचाच, मराठी घरातला. पण मोठा झाला बंगळूरला आणि खेळला कर्नाटककडून. आमच्या नशिबाचा हा अगदी चपखल नमुना.

आणि मग १९९८-९९. छेचाळीस वर्षांचा दुष्काळ संपणार असं वाटलं. मध्य प्रदेश पहिल्यांदा रणजी फायनलला. कर्णधार चंद्रकांत पंडित, मुंबईहून आमच्याकडे आलेला. सामना बंगळूरला, कर्नाटकशी. आम्ही पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. आघाडी म्हणजे सामना नुसता अनिर्णित राहिला तरी करंडक आपला! शेवटच्या दिवशी २४७ करायच्या, नाहीतर नुसतं टिकायचं. तेव्हा बाबा सत्तरीत, मी शाखेत. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला. बाबा म्हणाले, "ठीक चाललंय, कामाकडे लक्ष दे." संध्याकाळी घरी आलो तर ते गच्चीत एकटे बसलेले. सर्वबाद १५०. विजय भारद्वाजने २४ धावांत ६ बळी घेतले. ९६ धावांनी हरलो. रात्री आतेभावाचा फोन. या वेळी चिडवलं नाही त्याने. "अरे, वाईट झालं," म्हणाला. त्याचं चिडवणं परवडलं असतं.

बाबा २००३ ला गेले. त्याच वर्षाच्या शेवटी चंदू सरवटेही इंदूरलाच गेले, आणि २००५ ला मुश्ताक अली. बाबांच्या आरतीतला आणि आठवणीतला एकेक माणूस असा निघून गेला.

विभागाचं भाग्य मात्र नंतर फिरलं, आणि कसं ते बघा. २००१-०२ ला रेल्वे जिंकली. आता रेल्वे तशी कुणा एका गावची नाही, तिच्यासाठी ओट्यावर बसून कोण रडणार? पण आमच्या झोनची होती, मी पेढे वाटले. बायको म्हणाली, "रेल्वेने आरक्षण तरी दिलं का कधी वेळेवर?" पुढच्याच हंगामात, २००२-०३ ला, रणजीतली विभागवार साखळी मोडली. एलिट आणि प्लेट असे गट आले, सगळ्यांशी सगळे खेळू लागले. आणि कुंपण काढल्यावर रान फोफावतं तसं झालं. रेल्वे पुन्हा, मग उत्तर प्रदेश, राजस्थान लागोपाठ दोनदा, विदर्भ लागोपाठ दोनदा. जे पन्नास वर्षांत जमलं नाही ते वीस वर्षांत झालं. एकटा मध्य प्रदेश राहिला होता.

विदर्भाने पहिला करंडक उचलला तो आमच्या होळकर स्टेडियमवर, १ जानेवारी २०१८ ला, दिल्लीला नऊ विकेटनी हरवून. मी तिथे होतो. नागपूरचे लोक नाचत होते. मनात आलं, सी. के. नागपूरहून इंदूरला आले आणि आम्हाला चार करंडक देऊन गेले. आज नागपूरकरांनी व्याजासकट एक परत नेला, चला हिशोब चुकता. त्या विदर्भाचा प्रशिक्षक कोण? तोच चंद्रकांत पंडित.

पुढे तो आमच्याकडे आला. जून २०२२. पुन्हा फायनल, पुन्हा बंगळूरचं तेच चिन्नास्वामी मैदान, जिथे तेवीस वर्षांपूर्वी तो कर्णधार म्हणून हरला होता. आणि समोर मुंबई. एक्केचाळीस वेळा जिंकलेली मुंबई.

पाच दिवस मी टीव्हीपुढून हललो नाही. माझा नातू शेजारी. मुंबई ३७४, सर्फराज खानचं शतक. मग आमचे यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. एकूण ५३६. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही नेहमी मराठी नावं सांगता होळकरच्या टीममधली. यात तर एकही नाही. मुंबईत तरी देशपांडे, कुलकर्णी आहेत."

पोराने बरोब्बर बोट ठेवलं. बाबांच्या आरतीत सहापैकी चार नावं मराठी होती. आता दुबे, शर्मा, पाटीदार, श्रीवास्तव. इंदुरात आम्ही कमी होत चाललोय हे कुणी सांगायला नको. रामबागेतले वाडे गेले, पोरं पुणे-बंगळूर-अमेरिकेला गेली, गणपतीच्या मंडळात आरती म्हणायला चार म्हातारे असतात. मी त्याला एवढंच म्हणालो की त्या सहांतला पहिला क्रमांक सी. के. नायडूंचा, आणि नायडू काही मराठी नव्हे, तेलुगू घरातले. बाबांनी कधी त्यांचं आडनाव बघितलं नाही. मुश्ताक अलींचंही नाही. जो आपल्या गावासाठी उन्हात उभा राहतो तो आपला. बाबांनी मला हेच शिकवलं होतं, ते नातवाला सांगताना मलाच नीट कळलं. लहानपणी आतेभावाला जे उत्तर देता येत नव्हतं, ते हेच होतं.

२६ जून, रविवार. मुंबई दुसऱ्या डावात २६९. आम्हाला हव्यात १०८. माझे हात गार पडले. एकशे आठ काही फार नाहीत, पण पंधरा फायनल हरलेल्या विभागाच्या माणसाला एकशे आठही डोंगर वाटतात. एक गेला, दुसरा, तिसरा, चौथा... आणि झाल्या. सहा विकेटनी जिंकलो. टीव्हीवर पंडित रडत होता. मी उठून देवघरापाशी गेलो, बाबांच्या फोटोपुढे उभा राहिलो. काय बोलावं सुचेना. शेवटी मीही ती आरतीच म्हटली. भांडारकर १४२, सरवटे १०१... आणि पुढे तीन नावं जोडली. दुबे १३३, शर्मा ११६, पाटीदार १२२.

संध्याकाळी फोन वाजला. दादरहून आतेभाऊ. त्याचाही आवाज आता थरथरतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

"अरे, अभिनंदन," म्हणाला. "जिंकलात तुम्ही."

मंडळी, साठ वर्षांत पहिल्यांदा तो मला मुंबईच्या बाजूला न धरता बोलला. "तुम्ही." या एका शब्दासाठी मी आयुष्यभर त्याच्याशी भांडत होतो. मिळाल्यावर मात्र घशात काहीतरी अडकलं.

मी म्हटलं, "ये ना इकडे. सराफ्यात नेतो."

"येतो," म्हणाला. "पण करंडक बघायला नाही हं, गराडू खायला."

२०२५ ला सेंट्रल झोनने दुलीप करंडकही जिंकला, दक्षिण विभागाला सहा विकेटनी हरवून, आमच्याच रजत पाटीदारच्या नेतृत्वात. मी आतेभावाला फोन करून विचारलं, "काय रे, आमचा सेंट्रल झोन काय म्हणतो?" तो हसायला लागला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. आम्ही दोघं बराच वेळ फोनवर होतो, फार काही न बोलता.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात होळकर संघाचे सामने पाहिलेलं कुणी असेल तर त्यांच्याकडून ऐकून घ्या आणि इथे लिहा. वडोद्याच्या मंडळींनीही लिहावं. त्या ५७७ चं सुद्धा. आता ऐकून घेता येईल.